एका माउथपीसची पडताळणी

बायकोने नावं ठेवणं बंद केलं म्हणजे नवऱ्याने खूश होऊ नये, घाबरावं. काटेसाहेबांना हे कळायला तीन महिने लागले, आणि ते तीन महिने ते आनंदात होते. या हकिकतीत आनंदाचा भाग जवळजवळ एवढाच आहे, तो सुरुवातीलाच उरकून घेतलेला बरा.

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. गेली एकोणतीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू, वजनं, लिटरची मापं आणि कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या तपासत ते हिंडत होते. वस्तू बरोबर निघाली की तिच्यावर पोलादी ठसा ठेवायचा, हातोडीचा एक ठोका द्यायचा, पुढची वस्तू घ्यायची. खोटी निघाली की जप्ती. त्यामुळे इमारतीतली माणसं त्यांना काटेसाहेब म्हणत, आणि दूधवाला जिन्यात त्यांचे बूट वाजले तरी माप काठोकाठ भरत असे. पन्नाशी उलटल्यावर या माणसाने सॅक्सोफोन का विकत घेतला, हे विचारण्यात अर्थ नाही. त्या वयात माणसं याहून वाईट गोष्टी करतात.

रोज संध्याकाळी सात ते साडेसात, बाहेरच्या खोलीत खिडकी लावून आणि दाराच्या फटीला जुनी चादर कोंबून, ते एकच धून वाजवत. चार ओळींची. पहिल्या तीन ओळी सरळ रस्त्याने जायच्या. चौथी मात्र चढायची आणि वरच्या सा-ला जाऊन टेकायची. टेकायची म्हणजे टेकायला हवी होती. काटेसाहेबांचा सा टेकायच्या आधीच, शेवटची पायरी चुकलेल्या माणसासारखा, जरासा खाली बसायचा. मग स्वयंपाकघरातून, भाजी चिरणारी सुरी न थांबवता, वहिनींचा आवाज यायचा, "उतरला."

एवढंच. त्यापुढे टीका नाही, मागे प्रस्तावना नाही. वहिनी, म्हणजे काटेसाहेबांच्या पत्नी, लग्नाआधी आठ वर्षं गाणं शिकल्या होत्या. त्यांचा कान असा, की शेजारच्या घरात चमचा पडला तर तो स्टीलचा की पितळेचा ते सांगत. अशा बाईने सहा वर्षं रोज एकदा 'उतरला' म्हणायचं, म्हणजे सुट्ट्या आणि आजारपणं वजा जाता दोन हजार वेळा तरी झालं. काटेसाहेब दर वेळी दुखावत. पण आपण जसा खोटा काटा जप्त करतो तसाच हा आपला सा जप्त होतो आहे, हे त्यांच्यातल्या निरीक्षकाला मान्य होतं.

आणि मग एके दिवशी 'उतरला' आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवसांनी काटेसाहेबांनी कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. महिन्याभरात चालण्यात ऐट आली. तिसऱ्या महिन्यात ते सॅक्सोफोन शिकवणाऱ्या मास्तरांकडे बातमी द्यायला गेले.

मास्तर एकेकाळी पोलीस बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. आता दात गेले होते, फुंक गेली होती, कान तेवढे शाबूत होते आणि तोंड त्याहून शाबूत होतं.

"मास्तर, वरचा सा बसला," काटेसाहेब म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"तीन महिने झाले, घरातून तक्रार नाही."

"वाजवा."

काटेसाहेबांनी वाजवलं. चौथी ओळ संपली तशी मास्तरांनी कवळी काढून शेजारच्या पाण्याच्या पेल्यात ठेवली. ही त्यांची निषेध नोंदवायची पद्धत होती. निषेध तीव्र असला की ते पेल्यावर बशीही झाकत. आज झाकली.

"उललाय," ते कवळीशिवाय म्हणाले, आणि मग गैरसमज नको म्हणून कवळी पुन्हा लावून म्हणाले, "उतरलाय. होता तिथेच आहे. केसभरसुद्धा हललेला नाही."

"मग ही काही बोलत कशी नाही?"

"किती वर्षं सांगायचं हो एखाद्याने? दमल्या असतील."

खोटं वजन सापडलं तर निरीक्षक ओरडतो, दंड करतो. पण खोटं आहे हे दिसत असून जो न बोलता पुढे जातो, त्याने तो दुकानदार दुकानदारांतून काढून टाकलेला असतो. आपल्याला असंच काढून टाकलं आहे, असं काटेसाहेबांना वाटलं, आणि फार वाईट वाटलं. वरच्या जागेवर आपल्या हाताखालचा माणूस गेला होता तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं.

बायकोलाच विचारता आलं असतं. पण विचारायचं काय? 'मला हल्ली नावं का ठेवत नाहीस?' एकोणतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही. शिवाय आता मागचं सगळंच त्यांना नव्याने दिसायला लागलं. वहिनी हल्ली टीव्ही एवढा मोठा लावत, की बातम्या देणारा घरातच ओरडतोय असं वाटावं. अर्थ उघड होता, सॅक्सोफोनवर उतारा. आपण काही बोललो की ऐकून न ऐकल्यासारखं करत. अर्थ उघड होता, अबोला. दाराची घंटा वाजली तरी उठत नसत, म्हणून काटेसाहेबांनी घंटाच बदलून तिप्पट आवाजाची आणली होती. त्याबद्दलही वहिनींनी चकार शब्द काढला नव्हता. मापातलं पाप शोधून काढणाऱ्या या माणसाने एवढे पुरावे जमवले आणि त्यातून असा निष्कर्ष काढला. माणसाला आपल्याच घरात तपासणी करायची सवय नसते, दुसरं काय.

मास्तरांनी निरोप देताना एक वाक्य टाकलं होतं. "अर्धा दोष तुमचा आहे. अर्धा त्या माउथपीसचा."

काटेसाहेबांनी या वाक्याचा दुसराच अर्धा घरी आणला.

आता ज्यांना या वाद्याची बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर माउथपीस म्हणजे सॅक्सोफोनचं चोचीसारखं टोक. ते दातांत धरायचं असतं. त्याच्या खालच्या अंगाला वेताची पातळ पट्टी, म्हणजे रीड, आवळून बसवतात. फुंकलं की रीड थरथरते आणि पुढचं सगळं पितळ बोलायला लागतं. चोच आणि रीड यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यावर सगळं अवलंबून. फट कमी तर आवाज घुसमटतो, जास्त तर वाजवणारा. काटेसाहेबांचा माउथपीस वाद्याबरोबर खोक्यात फुकट आलेला, प्लास्टिकचा. त्यातून आवाज निघायचा तो उशीखालून निघाल्यासारखा.

ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात हे कळलं, त्या दिवशी काटेसाहेबांना मास्तरांकडून आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. मोजता येतं तिथे आपण हरत नाही, असा त्यांचा विश्वास होता.

काटेसाहेब नवा माउथपीस घेणार, ही बातमी इमारतीत फुटायला वेळ लागला नाही. तळमजल्यावर दंतवैद्य राहायचे आणि तिथेच त्यांचा दवाखाना होता. त्यांनी काटेसाहेबांना जिन्यातच आ करायला लावला.

"माउथपीस नंतर. आधी दात बघा. वरचा पुढचा डावा दात उजव्यापेक्षा मोठा आहे तुमचा. चोच तिरकी बसणार. सा उतरणार नाही तर काय होणार?"

"किती मोठा आहे?"

"अर्धा मिलिमीटर."

आकडा ऐकल्यावर काटेसाहेबांचा नाइलाज झाला. ते खुर्चीत बसले. दंतवैद्यांनी डावा दात घासला. मग उजवा मोठा वाटला म्हणून तो घासला. मग पुन्हा डावा. तिसऱ्या फेरीला काटेसाहेबांनीच त्यांचा हात धरला, नाहीतर पडताळणी हिरड्यांपर्यंत गेली असती. पुढचे आठ दिवस गार पाणी प्यायलं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि सा जो उतरत होता तो आता लागेचना. स्वयंपाकघरात तरीही शांतता.

मग ते दुकानात गेले. वाद्यांच्या दुकानाचा मालक उदास चेहऱ्याचा माणूस होता. गिऱ्हाईक आलं की तो अधिकच उदास व्हायचा. त्याने एक सपाट पेटी उघडली. आत चौदा माउथपीस ओळीने झोपले होते. काटेसाहेबांनी पिशवीतून लांब रेघांचा कागद काढला आणि त्यावर रकाने पाडले: अनुक्रमांक, धातू अथवा इतर, छापील फट, खालचा सूर, वरचा सूर, शेरा.

"साहेब, हे असं निवडत नसतात," मालक म्हणाला. "तोंडात धरायचं, वाजवायचं. जे आपलं वाटेल ते आपलं."

"वाटण्यावर खातं चालत नाही," काटेसाहेब म्हणाले.

चौदांवर त्यांनी तोच एक सा लावला. दर वेळी माउथपीस औषधाच्या पाण्यात बुडवायचा, पुसायचा, रीड आवळायची, सा लावायचा, शेरा लिहायचा. सातव्या सा-ला शेजारच्या वकिलांचा कारकून येऊन उभा राहिला. वकिलांकडे आत एका घटस्फोटाचा समझोता चालला होता आणि दोन्ही पक्ष एकत्र उठून जायला निघाले होते. दहाव्याला मालकाने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. शेवटी तीन उरले. मालकाने ते तिन्ही दोन दिवसांसाठी तपासायला दिले. काटेसाहेबांची ओळख होती म्हणून दिले, की एकदाचे जावेत म्हणून दिले, हे सांगता येत नाही.

त्या तिघांत एक काळा, एबोनाइटचा होता. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर, हाताला गुळगुळीत आणि स्वभावाने ठिसूळ. त्या माउथपीसमधून निघालेला सा ऐकून दुकानाचा मालकसुद्धा क्षणभर कमी उदास झाला होता. काटेसाहेबांना तो तेव्हाच आवडला होता. पण आवडणं वेगळं आणि पडताळणी वेगळी. दुसऱ्या दिवशी कचेरीत, एका वाण्याची चाळीस वजनं तपासून झाल्यावर, त्यांनी त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली, तो काळा माउथपीस ठेवला. पातळ पोलादी पात्यांचा जुडगा काढला. एकेक पातं फटीत सरकवून पाहिलं. छापील आकडा आणि प्रत्यक्ष फट तंतोतंत जुळली.

एकोणतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दर वजनात काही ना काही कमी-जास्त असायचंच. कायदाच थोडी सूट देतो. इथे सुटीची गरजच नव्हती. काटेसाहेबांना भरून आलं. 'बरोबर,' ते मोठ्याने म्हणाले. आणि बरोबर म्हटल्यावर त्यांचा उजवा हात जे एकोणतीस वर्षं करत आला होता, ते त्याने केलं. चाळीस वजनांनंतर एकेचाळिसावी वस्तू म्हणून त्याने ठसा उचलला, काळ्या चोचीवर ठेवला आणि हातोडीचा एक ठोका दिला.

माउथपीसचे दोन तुकडे झाले. एका तुकड्यावर चालू वर्ष, चालू तिमाही आणि काटेसाहेबांचा निरीक्षक क्रमांक अत्यंत स्पष्ट उमटला होता.

तुकडे गुपचूप खिशात टाकून घरी जाता आलं असतं. पण पलीकडच्या टेबलावर नोंदवहीच्या बाई बसल्या होत्या. त्या ठोके मोजत. ठोक्यांची संख्या आणि नोंदींची संख्या संध्याकाळी जुळली नाही, तर त्यांना जेवण जात नसे.

"एकेचाळीस," त्या म्हणाल्या. "एकेचाळिसावं काय?"

काटेसाहेबांनी दाखवलं.

"हे वजन आहे का माप?"

"हे तोंडात धरायचं असतं."

"मग हे आरोग्य खात्याकडे जायला हवं. आपल्याकडे तीनच रकाने आहेत. वजन, माप आणि काटा."

"बाई, चुकून झालं हो. सोडून द्या."

"शिक्का चुकून पडत नसतो, साहेब. हे तुम्हीच दुकानदारांना सांगता."

प्रकरण उपनियंत्रकांकडे गेलं. खाजगी वस्तूवर शासकीय मुद्रा उमटवल्याबद्दल काटेसाहेबांकडून तीन दिवसांत लेखी खुलासा मागवण्यात आला. खुलासा लिहिताना त्यांनी पहिल्यांदा खरं लिहिलं: 'सदर वस्तू इतकी बरोबर होती की मला राहवले नाही.' मग ते खोडून 'अनवधानाने' असं लिहिलं, कारण सरकारी कागदाला खरेपणा झेपत नाही. वस्तूचा वर्ग ठरवण्यावर दोन बैठका झाल्या. अखेर तिची नोंद 'माप, वायू, क्षमता अनिश्चित' अशी झाली. मोडकं माप चलनात ठेवता येत नाही म्हणून ते जप्त करायचं ठरलं. पंचनाम्यावर जप्त करणारे अधिकारी म्हणून काटेसाहेबांनी सही केली, आणि खाली, ज्याच्याकडून जप्त केले तो इसम, म्हणूनही त्यांनीच सही केली. दोन्ही सह्या जुळतात, असा शेरा बाईंनी मारला. तुकडे कापडी पिशवीत घालून वर लाख लावून कपाटात गेले. तसा दुसरा माउथपीस दुकानात नव्हता. मालकाने किंमत घेतली आणि 'चांगला होता हो' एवढंच म्हणाला, ते कोणी वारल्यावर म्हणतात तसं.

ऑफिसभर हसू झालं. काटेसाहेब ज्या दुकानात तपासणीला जात, तिथला वाणी आता वजनं पुढे करताना गंभीर चेहऱ्याने म्हणे, "साहेब, जरा हळू मारा." हे सगळं त्यांनी गिळलं असतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती, की संध्याकाळी सव्वासातच्या सुमाराला स्वयंपाकघरातून एक शब्द यावा. चांगला येवो, वाईट येवो.

इरेला पेटून त्यांनी उरलेल्या दोघांतला धातूचा माउथपीस घेतला. त्याचा आवाज म्हणजे आवाज नव्हता, सुरी होती. पहिल्याच संध्याकाळी तळमजल्यावर एका रोग्याने दचकून दंतवैद्यांचं बोट चावलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीचं पत्र आलं: आपल्या घरातून येणारा ध्वनी भिंतीतून येत नसून भिंत बाजूला सारून येतो, तरी बंदोबस्त करावा. दूधवालाही म्हणाला, "साहेब, माप भरतो ना मी बरोबर? मग हे कशाला?"

पण पाचव्या संध्याकाळी वरचा सा लागला.

कसा लागला ते त्यांनाही कळलं नाही. चौथी ओळ चढली आणि सा जिथे असायला हवा तिथे जाऊन उभा राहिला, हलला नाही, बसला नाही. काटेसाहेबांच्या अंगावर काटा आला. त्यांनी श्वास संपेपर्यंत तो धरला आणि मग थांबले. स्वयंपाकघरात सुरी चालू होती, टक टक टक. ते आत गेले.

"ऐकलंस?"

वहिनींनी वर पाहिलं. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट, निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. छान."

सहा वर्षांत त्या 'छान' कधी म्हणाल्या नव्हत्या. तरी काटेसाहेब बाहेर आले ते तोंड पाडून. लहान मुलाने कागदावर काहीतरी गिरबटून आणलं की आपण ज्या आवाजात छान म्हणतो, तो आवाज होता तो.

पुढे चार दिवसांनी रीड चिरली. काटेसाहेबांनी नवी काढली आणि भिजत घातली, ती वाटीत पडून होती. तोवर बोटं तरी फिरवावीत म्हणून ते रीडशिवायच सॅक्सोफोन ओठांना लावून, डोळे मिटून, मनातल्या मनात धून म्हणत बसले. रीड नाही म्हणजे आवाज नाही. नुसती बोटं, फुगलेले गाल आणि चौथ्या ओळीला सवयीने वर गेलेल्या भुवया. डोळे उघडले तेव्हा वहिनी हात पुसत दारात उभ्या होत्या.

"आज बरं लागलं," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

काटेसाहेबांनी वाटीकडे पाहिलं. रीड तिथेच भिजत पडली होती. मग त्यांनी सॅक्सोफोन खाली ठेवला आणि निरीक्षकाला जे येतं ते केलं. ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. वहिनींची पाठ होती. बारा फुटांवरून ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अगं." सुरी चालू होती. दोन पावलं पुढे गेले. "अगं, ऐकतेस का?" आठ फूट. काही नाही. आणखी दोन पावलं. मग अगदी मागे, हात पुढे केला तर खांद्याला लागेल एवढ्या अंतरावर उभं राहून त्यांनी वहिनींना नावाने हाक मारली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि त्यांनी ते नाव आजवर फक्त फॉर्मवर लिहिलं होतं. वहिनींनी टोमॅटो चिरून संपवला आणि पुढचा घेतला.

त्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा त्या केवढ्या दचकल्या.

"किती दिवस?" काटेसाहेबांनी विचारलं. मग लक्षात येऊन समोर जाऊन, मोठ्याने, पुन्हा विचारलं.

वहिनींनी सुरी खाली ठेवली. "वर्ष होत आलं असेल. आधी घंटा गेली. मग फोन. मग तुमच्या सुरांतले वरचे."

"सांगितलं नाहीस मला?"

"सांगून काय? तुम्ही लगेच मला तपासायला घेतलं असतं. रकाने पाडले असते."

"पण मग नुसतं आपलं 'उतरला' म्हणायचंस," काटेसाहेब म्हणाले. "रोजच उतरायचा. चुकली नसतीस."

"न ऐकता?" वहिनींना खरोखरच राग आला. "न ऐकता कसं म्हणू कोणाला उतरला? छान म्हणता येतं तोंडाकडे बघून. त्याला काय लागतं?"

मग त्या रडल्या. काटेसाहेबांनाही रडू आलं, पण गॅसवर दूध होतं आणि ते कोणीतरी बघायला हवं होतं, म्हणून ते दुधाकडे बघत राहिले.

कान तपासणारी बाई तरुण आणि शांत होती. तिने वहिनींना काचेच्या खोलीत बसवून कानांवर यंत्र चढवलं, बटणं दाबली आणि कागदावर एक रेघ काढली. रेघ डावीकडे बरी निघाली होती आणि उजवीकडे जाता जाता जिन्यासारखी उतरत गेली होती. "उंच आवाज गेलेत," ती म्हणाली. "खालचे अजून बरे आहेत. हळूहळू तेही कमी होत जातील."

"यंत्राची पडताळणी केव्हा झाली होती?" काटेसाहेबांनी विचारलं.

"काय?"

"प्रमाणपत्र. या यंत्राचं. बघू."

तिने दारामागे टांगलेलं प्रमाणपत्र काढून दिलं. काटेसाहेबांनी चष्मा लावला. यंत्राचा क्रमांक ताडून पाहिला, जुळला. तारीख पाहिली, मुदत संपायला चार महिने होते. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. त्यांनी ते तीन वेळा वाचलं. आयुष्यभर त्यांना यंत्रं खोटी निघालेली आवडत नव्हती. आज हे एक खोटं निघावं म्हणून ते मनातल्या मनात हात जोडत होते.

वहिनी काचेच्या खोलीतून बाहेर आल्या. नवरा प्रमाणपत्र उलटं करून मागची बाजू बघतोय हे त्यांनी पाहिलं आणि काय चाललंय ते त्यांना न ऐकताच कळलं.

"काटा बरोबर आहे, अहो," त्या म्हणाल्या. "माल कमी आहे."

कानात घालायचं यंत्र घेतलं. बोलणं त्यात बरं ऐकू यायचं. पण सॅक्सोफोन सुरू झाला की वहिनी ते काढून डबीत ठेवत, कारण त्यातून काटेसाहेबांचे सूर पत्र्यावर खडे पडल्यासारखे येत. सोसायटीने मात्र अशीच यंत्रं कुठे मिळतात याची चौकशी केली नाही हे खरं. उलट सेक्रेटरी स्वतः येऊन म्हणाले, की पत्राचं मनावर घेऊ नका. काटेसाहेबांना त्यापेक्षा पत्र परवडलं असतं.

त्यांनी धातूचा माउथपीस काढून ठेवला. खोक्याच्या तळातून तो जुना प्लास्टिकचा, फुकट आलेला, घुसमटलेल्या आवाजाचा माउथपीस शोधून काढला. कान तपासणीच्या कागदावरची रेघ त्यांनी पाठ केली होती. रेघ जिथे बरी होती तिथले सूर या माउथपीसला येत होते. चकाकी नाही, धार नाही, नुसता खालचा भरीव गुंगाट. सगळी धून त्यांनी एक सप्तक खाली उतरवली. दाराला चादर लावायचं सोडलं, खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आणली आणि वहिनींच्या पाठीशी बसून वाजवायला सुरुवात केली.

पहिले तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी त्यांनी धून आणखी दोन सूर खाली घेतली. चौथी ओळ चढली आणि सा जुन्या सवयीने जरासा खाली बसला.

"उतरला," वहिनी म्हणाल्या. सुरी थांबली नव्हती.

काटेसाहेबांच्या तोंडातून माउथपीस सुटला. "काय म्हणालीस?"

त्या वळल्या. "उतरला म्हटलं. तुमचेही कान गेले की काय?"

त्या संध्याकाळी काटेसाहेब दोनदा जेवल्यासारखे जेवले. पण पुढे अडचण आली. खालच्या सप्तकात तो सा सोपा होता. आठ-दहा दिवसांत तो बरोबर लागायला लागला, आणि बरोबर लागला की स्वयंपाकघरात शांतता. ही शांतता कसली? सूर बरोबर आहे म्हणून, की आज तो पोचलाच नाही म्हणून? एकदा काटेसाहेबांनी कागद घेऊन मोजलं. धुनेच्या सगळ्यात खालच्या सुराखाली वाद्यात आणखी चार सूर होते. कान उतरत गेले तर चार वेळा खाली जाता येणार होतं. मग पितळ संपत होतं.

कागदाची घडी करून त्यांनी ती ठशाच्या पेटीत ठेवली आणि पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसले. पहिल्या तीन ओळी सरळ गेल्या. चौथी चढली. सा समोर आला, सरळ, हाताशी, तंतोतंत. काटेसाहेबांनी ओठ जरा सैल सोडले आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा, समजून-उमजून, माप कमी दिलं.

सुरीची टक टक चालू होती. मग वहिनी म्हणाल्या, "उतरला."

"हो," काटेसाहेब मोठ्याने म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.